कंपायलरचं लायसन्स खरंच बदललं का, हे कसं तपासायचं?

एखाद्या ओपन सोर्स कंपायलरच्या पहिल्याच पानावर ‘आता एमआयटी लायसन्स’ असं दिसलं, की बहुतेक जण समाधानानं पुढं जातात. (कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेल्या कोडचा यंत्राला कळणारा मशीन कोड करणारा प्रोग्रॅम, आणि एमआयटी हे कोड वापरायला जवळपास पूर्ण मोकळीक देणारं लायसन्स.) त्या एका ओळीमागं मात्र बरंच काही असावं लागतं. कोड ज्यांनी लिहिला त्या प्रत्येकाचा आपापल्या भागावर हक्क असतो आणि त्यांचा होकार असेल तरच लायसन्स बदलतं. पानावरची ओळ बदलायला एक माणूस पुरतो. लायसन्स बदलायला कधी कधी शेकडो माणसांना गाठावं लागतं.

सोलापुरात हा प्रश्न माझ्याकडे दोन दिशांनी येतो. एक म्हणजे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं. प्रोजेक्टमध्ये छोटा सी कंपायलर घालायचा असतो आणि गाइडनं विचारलेलं असतं, ‘लायसन्स कोणतं?’ दुसरी दिशा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीची. तिथं चादरी-टॉवेलच्या मागांना लागणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवणारी माणसं आहेत. त्यातल्या एका तरुण इंजिनिअरची कल्पना मला फार आवडली. जॅकार्डच्या डिझाइनचे नियम छोट्या सी प्रोग्रॅममध्ये लिहायचे आणि तो प्रोग्रॅम मागाजवळच्या एआरएम प्रोसेसरच्या बोर्डावरच कंपाइल करून लगेच चालवायचा. एवढ्याशा बोर्डासाठी जीसीसी हा नेहमीचा मोठा कंपायलर फार अवजड, म्हणून त्यानं टायनी सी कंपायलर निवडला. सगळे त्याला टीसीसी म्हणतात. त्याचं लायसन्स आता एमआयटी झालंय, असं त्याच्या वाचनात आलं होतं.

“सर, तिथं एमआयटीचा अख्खा मजकूरच दिलाय की ओ. अजून काय बघायचं?”

बघायचं खूप आहे. आणि टीसीसीचं उदाहरण इतकं बोलकं आहे, की बाकीच्या कंपायलरांसाठी काय तपासायचं तेही त्यातून कळतं.

लायसन्स नेमकं कशाला लागतं

कंपायलरच्या बाबतीत तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. पहिली, कंपायलरचा स्वतःचा कोड. दुसरी, तुमच्या प्रोग्रॅमपासून त्यानं तयार केलेला मशीन कोड. आणि तिसरी, जिच्याकडे कुणी बघत नाही ती: तयार प्रोग्रॅममध्ये कंपायलर स्वतःहून जोडतो ते छोटे तुकडे. मोठ्या आकड्यांचा भागाकार, दशांश संख्यांचं रूपांतर, प्रोग्रॅम सुरू होतानाची तयारी अशी कामं हे तुकडे करतात. त्यांना रनटाइम लायब्ररी म्हणतात.

तुम्ही फक्त कंपायलर वापरला आणि तयार प्रोग्रॅम विकला, तर पहिल्या गोष्टीचं लायसन्स तुमच्या मालाला सहसा चिकटत नाही. तिसऱ्या गोष्टीचं चिकटू शकतं, कारण ते तुकडे तुमच्या मालातच असतात. म्हणून जीसीसीच्या रनटाइमला एक खास सवलत जोडलेली आहे. जीसीसीचं लायसन्स जीपीएल व्हर्जन ३ (कोड वाटताना त्याचा सोर्सही त्याच अटींवर द्यायला लावणारं) असलं, तरी या सवलतीमुळं नेहमीच्या पद्धतीनं कंपाइल केलेला तुमचा प्रोग्रॅम जीपीएलखाली द्यावा लागत नाही. तिचा सध्याचा मजकूर, व्हर्जन ३.१, मार्च २००९ चा आहे.

आमच्या इंजिनिअरचं प्रकरण याच्याही पुढचं होतं. त्याला कंपायलरच उपकरणात घालून विकायचा होता. म्हणजे पहिली गोष्टही मालात आली.

पर्यायी कंपायलर का लागले

जीसीसी १९८७ पासून आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो सुरू केला आणि जगातला मोठा हिस्सा त्याच्यावर उभा राहिला. जून २००७ मध्ये जीपीएलचं व्हर्जन ३ आलं आणि जीसीसी त्याकडे वळला. जीसीसी ४.२.१ ही जुन्या अटींखालची शेवटची आवृत्ती, ४.२.२ पासून पुढं नव्या अटी. काहींना त्या नको होत्या. ॲपल आणि फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टम बनवणारे, दोघंही मुख्य प्रणालीपुरते ४.२.१ वरच थांबले. पुढं फ्रीबीएसडीनं जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत इंटेल-एएमडी यंत्रांसाठी क्लँग हा मुख्य कंपायलर केला. ४.२.१ आणि ४.२.२ या आकड्यांत दिसायला काहीच फरक नाही, पण त्या एका आकड्यानं एका अख्ख्या ऑपरेटिंग सिस्टमची वाट बदलली. कोणता कंपायलर यापेक्षा कोणती आवृत्ती हा प्रश्न आधी विचारायचा, तो यासाठी.

बदल होतो तरी कसा

आपल्याकडे जमीन घेताना कुणी फक्त बांधावरच्या पाटीवर विश्वास ठेवत नाही. आपण सातबारा काढतो आणि जाणकार माणूस पुढं जाऊन फेरफार काढतो. आज उताऱ्यावर हे नाव आहे, पण ते कोणत्या नोंदीनं आलं? आधी कोण होतं? सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या आहेत का? एखादा वारस राहून गेलाय का? लायसन्सची तपासणी अगदी याच क्रमानं करायची. लायसन्सची फाइल म्हणजे आजचा उतारा आणि गिट या कोडच्या नोंदी ठेवणाऱ्या साधनातला बदलांचा इतिहास म्हणजे फेरफार.

प्रत्येक प्रकल्पात हक्काची मांडणी मात्र वेगळी असते, आणि तिच्यावरच बदल सोपा की अवघड ते ठरतं.

जीसीसीत कोड देणाऱ्यांकडून वर्षानुवर्षं लेखी हस्तांतरण घेतलं गेलं. हक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या एकाच संस्थेकडं जमा झाले. शिवाय फाइलींवर ‘व्हर्जन २ किंवा पुढचं कोणतंही’ असं लिहिलेलं होतं. त्यामुळं २००७ चा बदल कुणाचं दार न ठोठावता झाला. जून २०२१ पासून हे हस्तांतरण सक्तीचं राहिलेलं नाही, त्यामुळं आता जीसीसीतही हक्कदार वाढत चालले आहेत.

डी भाषेच्या डीएमडी कंपायलरमध्ये अडचण उलट होती. त्याच्या शेवटी मशीन कोड तयार करणाऱ्या भागावर सिमँटेक कंपनीचे हक्क होते, म्हणून सोर्स वाचायला मिळत असूनही तो भाग मोकळा नव्हता. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीच्या परवानगीनं तो बूस्ट लायसन्सखाली आला. एक मालक, एक होकार. असा बदल तपासणं सर्वांत सोपं.

क्लँग ज्यात येतो त्या एलएलव्हीएम प्रकल्पानं सर्वांत कष्टाचा रस्ता घेतला, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झालेल्या या प्रकल्पाचं लायसन्स आधीच सैल होतं. पण पेटंटविषयी त्यात स्पष्ट शब्द नव्हते, आणि कंपायलर व रनटाइमची लायसन्सं वेगळी असल्यामुळं कोड इकडून तिकडं हलवणं जड जायचं. २०१५ मध्ये चर्चा सुरू झाली. १९ जानेवारी २०१९ पासून नवा कोड अपाचे २.० आणि त्याला जोडलेल्या खास सवलतींखाली येऊ लागला. जुन्या कोडसाठी आधीच्या लेखकांना आणि त्यांच्या कंपन्यांना शोधून होकार मागितला गेला. ते होईपर्यंत जुनं लायसन्सही त्याच फाइलीत खाली ठेवलं होतं. एका लायसन्स फाइलीत दोन लायसन्सं दिसली की नवखा माणूस गोंधळतो. खरं तर तो प्रामाणिकपणाचा पुरावा आहे: कोणाचा होकार आला आणि कोणाचा यायचाय, याचा भेद त्यांनी पुसला नाही.

कंपन्यांना का विचारावं लागतं, हे आपल्या कायद्यातूनही कळतं. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीत धरतो. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. म्हणजे पुण्याच्या एखाद्या कंपनीत बसून कुणी कंपायलरला दोनशे ओळी दिल्या असतील, तर त्या माणसाचा ईमेलवरचा ‘हो’ पुरेसा नसू शकतो. आणि लेखक वारला तरी हक्क संपत नाही, तो पुढं साठ वर्षं वारसांकडं राहतो.

टीसीसीचे कागद

टीसीसीची सुरुवात फाब्रिस बेलार यांची. अगदी लहान, विलक्षण वेगवान कंपायलर. त्याच्या मुख्य लायसन्स फाइलीत आजही एलजीपीएल २.१ चा, म्हणजे जीपीएलच्या सौम्य भावंडाचा, मजकूर आहे, आणि सोबतच्या माहितीतही तेच लिहिलेलं आहे.

मग एमआयटीची बातमी आली कुठून? कोडच्या मूळ फोल्डरमध्ये ‘रीलायसन्सिंग’ नावाची एक फाइल आहे. तिच्यात वर एमआयटी धर्तीच्या लायसन्सचा मजकूर आणि खाली लेखकांचा तक्ता आहे. प्रत्येकापुढं हो किंवा नाही आणि तो होकार कोणत्या फाइलींपुरता आहे, ते लिहिलेलं. बेलार यांचा हो आहे. बहुतेकांचा हो आहे. पण एआरएम प्रोसेसरसाठी मशीन कोड तयार करणाऱ्या फाइलीपुढं एका लेखकाचा ‘नाही’ आहे. त्याच माणसानं आपल्या बाकीच्या कामाला होकार दिलाय, फक्त ती फाइल वगळून.

आमच्या इंजिनिअरचा बोर्ड एआरएमचा. जी एक फाइल त्याला सोडता येणार नव्हती, तीच नकारात अडकलेली. त्यानं वरचा मजकूर वाचला होता, तक्त्यापर्यंत तो उतरलाच नव्हता. ती फाइल म्हणजे संमती गोळा करण्याचं काम आहे. बदल पूर्ण झाल्याची घोषणा तिच्यात कुठंही नाही.

याहून बारीक गोष्ट रनटाइमच्या फोल्डरमध्ये सापडते. तिथल्या मुख्य फाइलीच्या माथ्यावर बेलार यांच्याबरोबर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचंही नाव आहे, १९८७ पासूनच्या सालांसह. म्हणजे तो कोड मुळात जीसीसीकडून आलेला. त्याचं लायसन्स जीपीएल २ किंवा पुढचं, आणि सोबत सवलत: ही फाइल कंपाइल करून दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडली तर तिच्यामुळं त्या प्रोग्रॅमवर कोणतंही बंधन येणार नाही. वापरणाऱ्याला हे पूर्ण सोयीचं आहे. पण टीसीसीच्या तक्त्यात उद्या शंभर टक्के होकार झाले, तरी ही फाइल एमआयटी होणार नाही, कारण तिचा दुसरा हक्कदार त्या तक्त्यात नाहीच. तयार प्रोग्रॅममध्ये जो तुकडा जातो त्याची गोष्ट वेगळीच निघाली, आणि फक्त मुख्य फाइल वाचली असती तर हे कळलं नसतं.

हातानं तपासताना

आधी तुमच्या हातात नेमकी कोणती प्रत आहे ते ठरवा. टीसीसीची ०.९.२७ ही आवृत्ती डिसेंबर २०१७ ची. त्यानंतरचं काम थेट गिटच्या शाखेत चालू आहे आणि त्या शाखेत कोणीही बदल ढकलू शकतो. म्हणून ‘आम्ही टीसीसी वापरतो’ एवढं सांगणं पुरत नाही, कमिटचा, म्हणजे गिटमधल्या त्या एका नोंदीचा, क्रमांक लिहून ठेवावा लागतो. कोड उतरवताना पूर्ण इतिहासासह उतरवा. वेळ वाचवायला बरेच जण फक्त शेवटचा कमिट उतरवतात, आणि मग तपासायला काही उरतच नाही.

नंतर लायसन्स फाइलीचा गिट लॉग बघा. फाइलीचं नाव मध्येच बदललं असेल तर ‘फॉलो’ हा पर्याय लावून बघा. कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून, कोणत्या कारणानं मजकूर बदलला? कमिटच्या संदेशात संमतीचा उल्लेख आहे का, की नुसतं ‘लायसन्स अपडेट’? दुसऱ्या प्रकारचा संदेश दिसला की मी तिथंच थांबतो आणि आधीच्या लेखकांची यादी काढतो.

यादीसाठी गिटचा शॉर्टलॉग (लेखकांची यादी) आणि ब्लेम (कोणती ओळ कोणाची) ही दोन हत्यारं. पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुने प्रकल्प आधी सीव्हीएससारख्या प्रणालीत होते. लोक ईमेलनं दुरुस्त्या पाठवायचे आणि मुख्य माणूस त्या स्वतःच्या नावानं चढवायचा. गिटमध्ये आज त्या सगळ्या ओळी त्याच्याच दिसतात. खरी नावं बदलांच्या जुन्या नोंदवहीत आणि कमिटच्या संदेशांत ‘याच्याकडून आलं’ म्हणून लिहिलेली सापडतात. टीसीसीची बदलांची नोंदवही अशीच आहे, दुरुस्तीपुढं कंसात माणसाचं नाव. ती वाचायला कंटाळा येतो, तरी वाचा.

कमिटखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ असेल तर तिचा अर्थ नीट समजून घ्या. आपल्याला हा कोड या लायसन्सखाली द्यायचा अधिकार आहे, एवढीच ग्वाही ती देते. पुढं लायसन्स बदलायला दिलेली आगाऊ परवानगी तिच्यात नसते. तसा अधिकार प्रकल्पाला हवा असेल तर वेगळा करार लागतो, आणि तो झालाय का हे प्रकल्पाच्या नियमांत शोधावं लागतं.

मग प्रत्येक फाइलीचा माथा. आजकाल बऱ्याच प्रकल्पांत एसपीडीएक्स पद्धतीची एक ओळ असते, ठरावीक शब्दांत लायसन्सचं नाव सांगणारी. ही पद्धत २०२१ पासून आंतरराष्ट्रीय मानकही आहे. स्कॅनकोड, फॉसॉलॉजी, डेबियनचं लायसन्सचेक ही साधनं अशा ओळी आणि जुने मजकूर शोधून तक्ता करून देतात. मुख्य फाइल एक सांगते आणि माथा दुसरंच, अशा जागा त्यात झटकन दिसतात. अशा प्रत्येक जागी हातानं इतिहास बघायचा. जे लिहिलंय तेवढंच साधन वाचतं. लिहिणाऱ्याला ते लिहिण्याचा हक्क होता का, हे ठरवायचं काम तुमचंच राहतं.

इथं एक बारकावा विसरायला नको. काही बदल कुणालाही न विचारता कायदेशीर असतात. एलजीपीएल २.१ स्वतःच सांगतं, की आपली प्रत साध्या जीपीएलखाली नेता येईल. त्यामुळं एखाद्यानं टीसीसीची शाखा काढून ती जीपीएल केली तर त्यात गैर काही नाही. बंधनं वाढवायची ही मुभा त्या लायसन्समध्येच आहे. बंधनं सैल करायची असतील तर मात्र हक्कदारांकडेच जावं लागतं. एमआयटीचा कोड कुणी जीपीएलच्या प्रकल्पात वापरला, तरी मूळ लेखकाची एमआयटीची सूचना तिथं राहायलाच हवी. ती गायब दिसली तर इतर कागदांबद्दलही शंका घ्या.

आणि बदल पुढच्या प्रतींना लागतो. ज्या अटींवर तुम्हाला जुनी प्रत मिळाली, त्या अटी पाळत असाल तर ती प्रत तुमचीच. मोल्ड हा लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) २०२३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीपासून एजीपीएल हे जीपीएलचं आणखी कडक रूप सोडून एमआयटीकडं आला, म्हणून कोणाकडं पहिली आवृत्ती पडून असेल तर ती आपोआप एमआयटी झाली असं धरू नये. तिची लायसन्स फाइल जे सांगते ते प्रमाण.

संमती अपुरी निघाली तर

घाबरायचं काही नाही. टीसीसी एलजीपीएलखाली वापरायला पूर्ण मोकळा आहे, विक्रीच्या मालातसुद्धा. अटी अवघड नाहीत. लायसन्सची प्रत आणि टीसीसी वापरल्याची सूचना द्यायची, त्याचा सोर्स आणि आपण त्यात केलेले बदल ग्राहकाला मिळतील असं करायचं, आणि ग्राहकाला त्याची बदललेली प्रत आपल्या प्रोग्रॅमबरोबर जोडून बघता येईल अशी सोय ठेवायची. टीसीसी वेगळी शेअर्ड लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅम चालताना जोडली जाणारी स्वतंत्र फाइल, म्हणून ठेवला तर शेवटची अट सहज सुटते. आपल्या प्रोग्रॅमच्या पोटात कायमचा जोडला तर आपल्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले, पण अजून न जोडलेले तुकडे) द्याव्या लागतात. ग्राहकानं असे बदल करून बघण्यावर करारात बंदी घालायची नाही, हेही लक्षात ठेवा. आमच्या इंजिनिअरनं शेअर्ड लायब्ररीचा मार्ग घेतला. त्याचा जॅकार्डचा स्वतःचा कोड त्याच्याकडेच राहिला.

एमआयटीच हवं असेल तर एमआयटीखाली असलेला चिबिसीसीसारखा कंपायलर बघता येतो. तो शिकायला अप्रतिम आहे, पण तो एक्स८६-६४ साठीच कोड तयार करतो आणि लायब्ररी म्हणून आपल्या प्रोग्रॅमला जोडून जागच्या जागी कंपाइल करून चालवायची टीसीसीची सोय त्यात नाही. इथं लायसन्स मिळालं असतं आणि काम झालं नसतं.

तपासणीचा कागद एका पानाचा पुरतो: कमिटचा क्रमांक, तपासल्याची तारीख, मुख्य लायसन्स, रनटाइम फाइलीचं लायसन्स, आणि कोणत्या फाइलींवर वाद आहे त्यांची नावं. त्या दिवशीचा कोड सॉफ्टवेअर हेरिटेजच्या सार्वजनिक संग्रहात आहे का ते बघा, नसेल तर जतन करायची विनंती तिथं करता येते. उद्या मूळ जागा बंद पडली तरी पुरावा राहतो. पुढची आवृत्ती घ्याल तेव्हा सगळं पुन्हा करायची गरज नाही. कागदावरच्या कमिटपासून नव्या कमिटपर्यंतचा फरक काढा आणि त्यातल्या तीन गोष्टी आधी बघा: लायसन्सची फाइल, रनटाइमचं फोल्डर, आणि लेखकांच्या यादीत पहिल्यांदाच दिसणारी नावं.